आशालताबाईंचं उजवं वळण

जनार्दनरावांच्या उजव्या पायातली चप्पल भाड्याच्या मोटारीत बसून एकटीच पिरंगुटकडे निघून गेली, त्या दिवसापासून आशालताबाई गाडी शिकायला लागल्या.

झालं असं. पक्षाघाताने जनार्दनरावांचं उजवं अंग गेलं, त्याला आठ महिने झाले होते. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी पिरंगुटच्या दवाखान्यात न्यावं लागे. भुकूमच्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून मोबाईलवर गाडी बोलवायची, गाडीवाल्याने पेशंटकडे बघून तोंड कसनुसं करायचं आणि मग जनार्दनरावांना पोत्यासारखं आत सरकवायचं, असा तो कार्यक्रम असे. त्या दिवशी आशालताबाईंनी त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि तेवढ्यात जनार्दनरावांना गरगरलं. पाय पुन्हा बाहेर काढला. चप्पल आतच राहिली. गाडीवाल्याला वाटलं, बेत रद्द झाला. त्याने हात लांब करून दार ओढलं आणि तो निघून गेला.

एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशा अवस्थेत पौड रस्त्याच्या कडेला उभा असलेला निवृत्त शाखा अभियंता बघायला फारशी गर्दी जमली नाही, एवढंच नशीब. जनार्दनरावांनी मान वळवून आत बघितलं. त्यांची स्वतःची लाल गाडी आठ महिने पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. मग ते म्हणाले, "तू. गाडी. शीक."

आशालताबाई चपापल्या. आजारानंतर जनार्दनरावांचे शब्द हरवले नव्हते, पण जागा बदलून बसले होते. पाणी हवं असलं की ते 'पंचांग' म्हणत. बंगळूरला असलेल्या मुलाला, अनिमेषला, ते 'मुकादम' म्हणत आणि आशालताबाईंना 'साहेब'. चौतीस वर्षं संसार केल्यावर का होईना, बढती मिळाली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगत आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत. तर अशा माणसाने आठ महिन्यांत पहिल्यांदाच तीन शब्द जागच्या जागी ठेवले होते. त्यांना नाही कसं म्हणायचं? वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, सायकलसुद्धा कधी न चालवलेल्या आशालताबाई म्हणाल्या, "बरं, शिकते."

ही बातमी सोसायटीत पसरायला लिफ्ट वर जाण्याइतकाच वेळ लागला. सेक्रेटरी बंडोपंत संध्याकाळीच आले. बंडोपंत स्वतः गाडी चालवत नसत, त्यामुळे त्यांच्यापाशी सल्ल्यांचा साठा मोठा होता. "वहिनी, क्लच म्हणजे संसार. एकदम सोडायचा नाही," असं सांगून त्यांनी चहा घेतला. दुसऱ्या कपाला ते म्हणाले की ह्या वयात प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. त्यांच्या साडूच्या तर पार थांबल्याच. जाताना त्यांनी पार्किंगमधल्या खांबाला सोसायटीच्या खर्चाने जुनी गादी बांधून घेण्याचं कबूल केलं. गादी दुसऱ्या दिवशी बांधलीही. आशालताबाईंनी अजून किल्लीला हात लावला नव्हता.

अनिमेषने व्हिडिओ कॉलवर समजावलं, "आई, ड्रायव्हर ठेवू ना आपण. कशाला त्रास?" मागून सून जुईली म्हणाली, "आई, तुम्ही घाबराल." आशालताबाईंनी फोन जनार्दनरावांसमोर धरला. जनार्दनराव पडद्याकडे बघून म्हणाले, "मुकादम, गप." तो विषय तिथेच मिटला.

आता शिकायचं म्हणजे आधी शिकाऊ परवाना हवा आणि परवान्यासाठी कागद हवेत. कागद काढले तेव्हा असं निघालं की जन्मतारखेच्या पुराव्यावर परभणीच्या शाळेतली शेवंता आहे आणि पत्त्याच्या पुराव्यावर भुकूमची आशालता. लग्नात जनार्दनरावांनी तांदळात अंगठीने नाव लिहिलं, त्यानंतर शेवंताला कुणी हाक मारली नव्हती. आता दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला आशालताबाई एसटीने पौडला गेल्या. लिहिणाऱ्याने दोन्ही नावांच्या सह्या मागितल्या. आशालता झर्रकन लिहून झालं. शेवंता लिहिताना हात अडखळला. तिची सही कशी होती, तेच त्यांना आठवेना. शेवटी शाळकरी अक्षरात, सुटं सुटं लिहिलं. लिहिणारा म्हणाला, "चालतंय." पण परतीच्या एसटीत त्यांना वाटत राहिलं, की कुणाची तरी खोटी सही करून आलो.

शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर होती. संगणकाचा डोळा उमेदवाराच्या तोंडावर रोखलेला असतो आणि दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बंद पडते. पहिल्या वेळी सातव्या प्रश्नाला जनार्दनराव मागून काठी टेकत आले आणि अरुंद पुलाच्या चित्रावर बोट ठेवून उभे राहिले. परीक्षा बंद. दुसऱ्या वेळी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, तर त्यांनी तिथून 'पंचांग, पंचांग' असा धोशा लावला आणि आशालताबाई पाणी द्यायला उठल्या. परीक्षा बंद. तिसऱ्या वेळी तांब्या-भांडं त्यांच्या उशाशी ठेवून दार लोटलं आणि त्या पास झाल्या.

गाडी शिकवायला शंभू नेमला. शंभू भुकूमचाच, चाळिशीचा, अंगाने आडवा. आजवर पाचशे बायांना गाडी शिकवली असं तो सांगे आणि त्यांतल्या चारशे नव्वद अजून जिवंत असल्याचं मुद्दाम जोडून टाके. शिकवण्याची जागा म्हणजे गावामागचं प्लॉटिंग. तिथे डांबरी रस्ते झाले होते, विजेचे खांब रोवले होते, 'गुलमोहर मार्ग', 'पारिजात मार्ग' अशा पाट्या लागल्या होत्या आणि घर एकही नव्हतं. जमीन मूळची तुळजाबाईंच्या घरची. जमीन विकली तरी तुळजाबाई आपली म्हैस रोज तिथेच चारायला आणत. म्हशीला व्यवहार कळलेला नव्हता.

पहिल्या दिवशी गाडी तीन उड्या मारून बंद पडली, तेव्हा तुळजाबाई बांधावर हात टेकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आशाताई, हितं आमी इंद्रायणी भात लावत हुतो. लई वास सुटायचा. आता तुमी गाडी लावताय. चालू द्या, पर म्हशीला धक्का न्हाई लागला पायजे. ती गाबन हाय."

शंभू डावं-उजवं म्हणतच नसे. त्याच्या तोंडी चारच दिशा होत्या. "काकू, म्हशीकडं घ्या. आता डोंगराकडं. आता हिकडं, हिकडं. तिकडं नगा जाऊ, तितं पाण्याची चारी हाय." महिनाभरात आशालताबाईंना क्लच कळला, गिअर कळले, आठचा आकडा काढता येऊ लागला. पार्किंगमधल्या गादीला त्यांनी दोनदा धक्का दिला. बंडोपंतांना आपल्या दूरदृष्टीचा इतका आनंद झाला की त्यांनी गादीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

खरी शिकवणी मात्र संध्याकाळी चाले. लाल गाडी, तोच मोकळा डांबरी रस्ता आणि बाजूच्या सीटवर जनार्दनराव. शिकाऊ माणसाच्या बाजूला परवानाधारक हवा, हा मुद्दा बंडोपंतांनी काढलाच. जनार्दनरावांनी डाव्या हाताने खिशातून स्वतःचा परवाना काढून दाखवला. त्याची मुदत अजून दोन वर्षं होती. कायद्याच्या दृष्टीने जनार्दनराव शाबूत होते.

त्या अर्ध्या तासासाठी ते दुपारपासून तयार होऊन बसत. इस्त्रीचा शर्ट मागत. गाडीत बसले की त्यांचा चेहरा बदले. तीस वर्षं ह्या माणसाने स्टिअरिंगला कुणाला हात लावू दिला नव्हता. आशालताबाईंचं काम शेजारी बसून संत्र्याच्या फोडी देणं एवढंच. आता ते सूचना देत. अडचण एकच होती. डावीकडे वळायचं असलं की त्यांच्या तोंडून 'उजवीकडे' निघे आणि उजवीकडे वळायचं असलं की 'डावीकडे'. हाताने दाखवावं, तर आशालताबाईंच्या बाजूचा हात मांडीवर निपचित पडलेला. पहिल्या दिवशी त्या सांगितल्याप्रमाणे वळल्या आणि गाडी थेट चारीच्या तोंडाशी गेली. जनार्दनराव कासावीस झाले. "डावीकडे," ते कळवळून म्हणाले आणि मानेने उजवीकडे दाखवू लागले.

आशालताबाईंनी मनाशी ठरवलं. चूक काढायची नाही. दवाखान्यात, घरात, फोनवर, दिवसभर सगळे त्यांच्या चुकाच दुरुस्त करत असतात. गाडीत तरी नको. त्या दिवसापासून जनार्दनराव 'डावीकडे' म्हणाले की त्या उजवीकडे वळू लागल्या आणि 'उजवीकडे' म्हणाले की डावीकडे. गाडी बरोबर त्यांच्या मनात असेल तिथेच जाऊ लागली. जनार्दनराव समाधानाने मान हलवत. आजारानंतर पहिल्यांदा त्यांनी बोललेलं जग ऐकत होतं. एका महिन्यात आशालताबाईंना विचारही करावा लागेनासा झाला. कानावर शब्द पडला की हात आपोआप उलटे फिरत.

परीक्षेचा ट्रॅक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. शंभू त्यांना सकाळीच घेऊन गेला. आदल्या दिवशी बंडोपंतांनी येऊन दही-साखर कधी खावी ह्यावर माहिती दिली होती. आठचा आकडा निघाला. मागे घेऊन गाडी लावणं जमलं. चढावर गाडी थांबवून, मागे न सरकू देता त्यांनी पुढे घेतली, तेव्हा बाहेर उभ्या शंभूने दोन्ही हात जोडून आभाळाकडे बघितलं. शेवटी परीक्षक मॅडम शेजारी बसल्या. शांत, चष्मा लावलेल्या, अनिमेषच्या वयाच्या.

"पुढच्या चौकातून डावीकडे घ्या," मॅडम म्हणाल्या.

आशालताबाईंनी आरशात बघितलं. दिवा दाखवला. वेग कमी केला, गिअर बदलला आणि समोरच्या गाडीला जाऊ देऊन एक देखणं, रेखीव, निर्दोष वळण घेतलं. उजवीकडे.

मॅडमनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "मी कुठं वळायला सांगितलं होतं?"

"डावीकडे."

"मग तुम्ही कुठं वळलात?"

"डावीकडेच की," आशालताबाई ठामपणे म्हणाल्या आणि मग त्यांना डाव्या हातातलं घड्याळ दिसलं, खिडकी दिसली, आपण कुठे आहोत ते दिसलं. सांगायचं ठरवलं असतं तर सांगता आलं असतं. मॅडम ऐकणाऱ्यांतल्या वाटत होत्या. पण सांगायचं म्हणजे जनार्दनरावांना त्या चौकात आणून उभं करायचं, सगळ्यांसमोर. त्या एवढंच म्हणाल्या, "वय झालं माझं. गोंधळ झाला."

"आठ दिवसांनी परत या, काकू," मॅडम म्हणाल्या. "गाडी छान चालवता तुम्ही."

सोसायटीच्या फाटकाशी बाकावर जनार्दनराव इस्त्रीच्या शर्टात बसले होते. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. वॉचमनला पाठवून आणवला असावा. आशालताबाई रस्ताभर घोकत आल्या होत्या तसं म्हणाल्या, "चढावर बंद पडली हो गाडी. थोडक्यात हुकलं."

पण मागून शंभू आला. शंभूच्या मनात काही नव्हतं. "चढ कसला, काका, चढ तर झ्याक काढला काकूंनी. म्याडमनी डावीकडं सांगितलं न् ह्या खुशाल उजवीकडं गेल्या. एवढी शिकल्याली बाई, डावं-उजवं कसं कळंना?"

जनार्दनरावांनी पेढ्यांचा पुडा शंभूच्या हातात दिला आणि काठी टेकत लिफ्टकडे गेले.

त्या संध्याकाळी ते तयार झाले नाहीत. आशालताबाईंनी शर्ट काढून ठेवला, तर त्यांनी तो पुन्हा हँगरला लावायला सांगितलं. म्हणजे हाताने दाखवलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आशालताबाई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या, तर जनार्दनराव कठड्याशी खुर्ची ओढून बसले होते. खाली फाटकातून ऑफिसला जाणाऱ्या गाड्या बाहेर पडत होत्या. काही डावीकडे शहराच्या दिशेला, काही उजवीकडे पिरंगुटच्या दिशेला. प्रत्येक गाडीला जनार्दनराव हळूच काहीतरी म्हणत होते. आशालताबाईंनी कान दिला.

पांढरी गाडी डावीकडे वळली. "उजवीकडे," जनार्दनराव म्हणाले. थांबले. मान हलवली. पुन्हा म्हणाले, "उजवीकडे." शाळेची बस उजवीकडे गेली. "डावीकडे." त्यांनी डाव्या मुठीने कठड्यावर हळूच आपटलं. पुढची गाडी.

तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. त्यांतली एकोणीस डाव्या कालव्यावर. डावा कालवा, उजवा कालवा, त्यांची दारं, त्यांच्या चाऱ्या, कुठल्या गावाला कधी पाणी, सगळं तोंडपाठ. लग्नानंतर नवीन असताना त्यांनी शेवंताला, म्हणजे आशालतेला, धरणाच्या भिंतीवर उभं करून दाखवलं होतं, पाण्याच्या वाहण्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा कुठला ते. आशालताबाई ओले कपडे बादलीत तसेच ठेवून आत आल्या. आपण पाहिलं, हे जनार्दनरावांना कळू नये, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मोठ्याने भांडी लावली.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी शंभूबरोबर दोन्ही वेळा सराव केला. शंभूला बजावलं की डोंगर नको, म्हैस नको, फक्त डावं आणि उजवं म्हण. शंभूलाच जड गेलं. बंडोपंतांनी जेवणाच्या हातावरून एक युक्ती सांगितली, पण ते स्वतः डावखुरे असल्यामुळे ती मध्येच अडकली. तुळजाबाई बांधावरून विचारत होत्या, "दाजी न्हाई आले व्हय? बरं न्हाई का त्यांना?"

"बरं आहे. घरी आहेत."

"आणा की. म्हशीकडं बगत बसत्याल. माणूस घरात ठिवलं की मुरतं."

आशालताबाईंनी मान डोलावली आणि क्लच सोडला.

दुसऱ्या परीक्षेला त्याच मॅडम होत्या. तोच चौक आला. "डावीकडे घ्या," मॅडम म्हणाल्या. आशालताबाईंचे हात उजवीकडे निघाले होते, ते त्यांनी ओढून आणले. एका क्षणात त्यांना गॅलरीतली मूठ दिसली. डावीकडे वळायचं म्हणजे कानातला तो आवाज खोटा पाडायचा. त्यांनी खोटा पाडला. गाडी डावीकडे गेली. मॅडमनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, "झालं, काकू. पास." आशालताबाई "बरं" म्हणाल्या. शंभूने आनंदाने गाडीच्या टपावर थाप मारली, तेव्हा त्याला वाटलं काकूंना आनंदानेच रडू येतंय.

ह्या वेळी बाकावर कुणी नव्हतं. जनार्दनराव वर आपल्या खुर्चीत होते. "पास झाले," आशालताबाई दारातूनच म्हणाल्या. जनार्दनरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि हात जोडायला घेतले. डावा हात छातीपर्यंत आला. उजवा आला नाही. डावा तसाच थोडा वेळ वाट बघत राहिला आणि मग खाली गेला. आशालताबाईंनी पुढे होऊन तो धरला.

परवाना टपालाने आला, त्यानंतरच्या शुक्रवारी दवाखान्याची वेळ होती. बंडोपंतांनी खांबाची गादी तपासून घेतली आणि सुरक्षित अंतरावर उभे राहिले. आशालताबाईंनी लाल गाडी दारापर्यंत आणली, उतरून पुढचं डावं दार उघडलं. जनार्दनराव काठी टेकत आले, दारापाशी थांबले आणि त्यांनी मागच्या दाराला हात लावला.

"अहो, पुढं बसा की. माझ्याशेजारी."

त्यांनी मान हलवली. "मागे," ते म्हणाले. पुढे-मागे ह्या शब्दांत त्यांची कधीच चूक होत नसे.

आशालताबाईंनी आग्रह केला नाही. मागचं दार उघडलं, त्यांचा उजवा पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला आणि पुढचं उघडं दार बंद केलं. फाटकातून बाहेर पडताना त्या क्षणभर थांबल्या. मागून काही सूचना आली नाही. भूगावकडून येणारा डंपर जाऊ दिला, दिवा दाखवला आणि पिरंगुटच्या दिशेला वळल्या. रस्त्यावर भरधाव गाड्या होत्या, दुचाक्या होत्या, मध्येच थांबलेली जीप होती. त्या सगळ्यांना सांभाळताना बराच वेळ त्यांना आरशात बघायला सुचलं नाही.

बघितलं तेव्हा जनार्दनराव झोपले होते. मान खिडकीच्या काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. तीस वर्षांत चालत्या गाडीत ह्या माणसाचा डोळा त्यांनी कधी मिटलेला पाहिला नव्हता. एसटीतसुद्धा ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरून रस्त्यावर नजर ठेवत. आजारपणात तर घरी गोळी घेऊनही झोप लागत नसे. आता ते लहान मुलासारखे गाढ झोपले होते आणि रस्ता त्यांनी सोडून दिला होता.

दवाखान्याची पाटी आली. आशालताबाईंनी वेग कमी केला. थांबलं तर दार उघडावं लागणार, पाय उचलावा लागणार, जागं करावं लागणार आणि मग आत तो व्यायामवाला म्हणणार, काका, म्हणा बघू, हा कुठला हात? त्यांनी पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. पाटी मागे गेली. थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला, तर त्यांनी तो लगेच बंद केला.

पौड आलं, एसटी स्टँडवरून पुढे गेलं. कोळवणच्या बाजूला वळल्यावर वर्दळ संपली. दोन्हीकडे भात निघून गेलेली रिकामी खाचरं होती आणि पेंढ्याच्या गंज्या. इकडे काहीच काम नव्हतं. मागून संथ घोरणं ऐकू येत होतं. पुढे रस्ता उखडलेला होता. आशालताबाईंनी दुसरा गिअर टाकला आणि एकेक खड्डा चुकवत त्या जात राहिल्या.